पेशी वाढल्या, पण कोणत्या? खरजेनंतरच्या मूत्रपिंडदाहाचं सोलापुरातलं एक प्रकरण

रुग्ण ९ वर्षांचा मुलगा, सोलापूरच्या पूर्व भागातला. वडील यंत्रमागावर टॉवेल काढतात, आई घरी विड्या वळते. दोन खोल्यांत आजी, मोठा भाऊ आणि धाकटी बहीण. ओळख पटेल असे बाकीचे तपशील गाळले आहेत. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, त्यामुळे या मुलाशी माझी गाठ पडली ती त्याच्या मूत्रपिंडाच्या तुकड्यापासून. तिथवरची हकीगत बालरोग विभागाच्या कागदांतून आणि डॉक्टरांच्या तोंडून कळलेली आहे.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मुलगा डोळे सुजलेलेच घेऊन उठला. रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहिल्याबद्दल बोलणी खाल्ली. दुपारपर्यंत सूज उतरली आणि विषय मिटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शिवाय लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आणि थोडीच. घरात एकमत झालं की उन्हाळी लागली. सोलापूरचं ऊन पाहता त्यात वावगं काही नव्हतं. धने-जिऱ्याचं पाणी झालं, सब्जा झाला, नारळपाणी झालं, वर "पाणी जास्त पी" हा धोशा होताच. चौथ्या दिवशी डोकं दुखतं म्हणाला, दोन उलट्या झाल्या, आणि संध्याकाळी आकडी आली. रिक्षातून रुग्णालयात आणलं तेव्हा झटके थांबले होते, पण मूल भानावर नव्हतं.

रक्तदाब १५२/१०४. या वयाच्या मुलाचा तो १००/६० च्या आसपास असतो. वजन साडेसत्तावीस किलो. शाळेच्या तपासणीत जुलैमध्ये २४ भरलं होतं. एवढ्या थोड्या काळात वाढलेले साडेतीन किलो म्हणजे मांस नव्हे, पाणी. फुप्फुसांच्या तळाशी बुडबुड्यांचे आवाज येत होते, ऑक्सिजनची पातळी ९३ टक्के होती.

ड्यूटीवरच्या निवासी डॉक्टरने एक गोष्ट चांगली केली: मुलाच्या बोटांच्या बेचक्या पाहिल्या. तिथे खाजवल्याच्या जुन्या रेघा होत्या, कमरेभोवती पुरळ होतं, आणि दोन्ही पोटऱ्यांवर वाळलेल्या खपल्या. "हे कधीचं?" असं विचारल्यावर आईने सांगितलं, ऑगस्टमध्ये सगळ्यांनाच खाज सुटली होती, याच्या पुळ्या पिकल्या. मेडिकलमधून एक ट्यूब आणली होती, तिने बरं वाटलं. ट्यूबचं नाव तिला आठवत नव्हतं. पण अशा वेळी मागितल्यावर हातात पडते ती बहुधा स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली. तिने खाज आणि लाली दबते. खरजेचा किडा मरत नाही, आणि त्वचेत शिरलेल्या जंतूंचाही पुरता बंदोबस्त होत नाही.

खरूज ही सोलापूरच्या या वस्त्यांत नवलाईची गोष्ट नाही. नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं. ते प्यायला, स्वयंपाकाला पुरवायचं की सहा माणसांची अंथरुणं-पांघरुणं धुवायची? या शहरात चादरींना तोटा नाही, त्या धुवायच्या पाण्याला आहे.

पुळ्या आणि लघवी यांमधल्या तीन-चार आठवड्यांच्या अंतरावरच निदानाचा पहिला अंदाज बांधता येतो. ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस या जंतूने घसा धरला असेल तर मूत्रपिंडाचा दाह साधारण एक ते तीन आठवड्यांनी दिसतो. कातडीवर पुळ्या असतील तर तीन ते सहा आठवड्यांनी. ताप-घसा सुरू असतानाच, एखाद-दुसऱ्या दिवसात लघवी लाल झाली तर आम्ही आयजीए नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या दुसऱ्या आजाराचा विचार करतो, याचा नव्हे. संसर्ग आणि सूज यांत मोकळा काळ जातो, हे स्कार्लेट फीवरच्या, म्हणजे याच जंतूने घसा धरून अंगावर लाल पुरळ आणणाऱ्या तापाच्या, मुलांवरून युरोपातल्या वैद्यांना फार पूर्वी कळलं होतं. लंडनच्या रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ आणि १८३६ मध्ये मूत्रपिंडाच्या आजारांची जी वर्णनं लिहिली, त्यांत स्कार्लेट फीवरनंतर सुजणारं मूल आहे. मधल्या काळात शरीर प्रतिपिंडं तयार करत असतं, हे समजायला मात्र विसावं शतक उजाडावं लागलं. १९५३ साली अमेरिकेत मिनेसोटातल्या रेड लेक इथल्या आदिवासी वस्तीत मुलांमध्ये या आजाराची साथ आली. तिथे सापडलेला या जंतूचा एम-४९ हा प्रकार पुढे कातडीच्या पुळ्यांनंतर होणाऱ्या मूत्रपिंडदाहाचा नमुना ठरला. सगळे स्ट्रेप्टोकॉकस मूत्रपिंडाला त्रास देत नाहीत. घशातले त्रासदायक प्रकार वेगळे, कातडीवरचे वेगळे.

तपासण्या आणि पहिला आठवडा

लघवीत लाल पेशी खच्चून, त्यांतल्या बऱ्याच वेड्यावाकड्या. लाल पेशींचे कास्ट, म्हणजे मूत्रनलिकेत साच्यासारखे जमलेले दंडगोल. प्रथिन दोन प्लस. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाने बाहेर टाकायचा कचरा) १.४, जे या वयात ०.७ च्या आत हवं. पोटॅशियम ५.९, तेही जास्तच. सी-३ हे कॉम्प्लिमेंट प्रथिन, म्हणजे प्रतिपिंडांच्या जोडीने जंतूंवर हल्ला करणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांपैकी एक, २४, जे ९० च्या वर असतं; सी-४ मात्र ठीक. स्ट्रेप्टोकॉकसविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांपैकी एएसओ किंचित वाढलेला, अँटी-डीएनेज-बी भरपूर वाढलेलं.

शेवटच्या दोन आकड्यांपाशी जरा थांबायला हवं, कारण इथे नेहमी गल्लत होते. "एएसओ फारसा वाढलेला नाही, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस नाही" असा निष्कर्ष मी अनेक केसपेपरांवर वाचला आहे. घशाच्या संसर्गात एएसओ चांगला वाढतो. कातडीतले स्निग्ध पदार्थ स्ट्रेप्टोलायसिन-ओ या जंतूच्या विषाला जखडून ठेवतात, त्यामुळे पुळ्यांच्या रुग्णात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं जेमतेमच वाढतात. तिथे अँटी-डीएनेज-बी अधिक भरवशाचं. पावसाळ्यानंतरच्या आपल्याकडच्या मुलांमध्ये नुसत्या एएसओवर विसंबणं मला पटत नाही.

सी-३ कमी आणि सी-४ नीट, ही जोडीही बोलकी आहे. ल्युपसमध्ये, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते त्या आजारात, बहुतेक वेळा दोन्ही उतरतात. इथे कॉम्प्लिमेंटचा मुख्यतः पर्यायी मार्ग पेटतो आणि तो सी-४ ला न लागता सी-३ खातो.

आकडी आली होती ती रक्तदाबामुळे. शिरेतून लॅबेटॅलॉल देऊन दाब उतरवला, तोही एकदम नव्हे. पहिल्या काही तासांत पाव हिश्शापेक्षा जास्त उतरवला तर मेंदूचा रक्तपुरवठाच तुटू शकतो. लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड दिलं, पाणी मोजून, मीठ बंद. पुळ्या वाळल्या होत्या तरी पेनिसिलिन दिलं, उरलेसुरले जंतू घरात फिरू नयेत म्हणून. मूत्रपिंडाचा दाह त्याने बदलत नाही. तिसऱ्या दिवशी मूल ओळखू लागलं, आईशी तेलुगूत भांडू लागलं.

चौथ्या दिवशी रक्तदाब पुन्हा चढला. औषधं तीच, डोस तेच. सिस्टरांनी खाटेखालचा डबा उघडला तर कडक भाकरी, शेंगाचटणी आणि पापड. शेजारी सोललेलं शहाळं. आजीचं म्हणणं सरळ होतं: पोर चार दिवस अळणी खाऊन सुकलंय, आणि नारळपाणी तर लघवी साफ करतं. एरवी त्यात काही चूक नसती. पण नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, आणि ज्या मूत्रपिंडातून ते बाहेर पडायचं तेच बंद होतं. त्या संध्याकाळचं पोटॅशियम ६.३ आलं. ते औषधांनी उतरलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती, लागलं नाही.

क्रिएटिनिन मात्र चढत राहिलं. पाचव्या दिवशी २.३, सातव्या दिवशी ३.४. दिवसभराची लघवी २०० मिलिलिटरच्या आत. या आजारात बहुतेक मुलांना बायोप्सी लागत नाही. हकीगत, लघवी आणि सी-३ एवढ्यावर निदान होतं, आणि आठवड्याभरात लघवी सुटायला लागते. इथे ती सुटण्याऐवजी आटत होती. म्हणून रक्तदाब ताब्यात आल्यावर, रक्त गोठण्याच्या चाचण्या पाहून, नेफ्रॉलॉजिस्टनी सोनोग्राफीखाली सुई घातली आणि दीड सेंटिमीटरचे दोन बारीक तुकडे माझ्याकडे आले.

काचेखाली

एका मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणाऱ्या बारीक गाळण्या, असतात; माणसामाणसांत हा आकडा बराच मागेपुढे होतो. जन्माच्या महिनाभर आधीच नवे बनणं थांबतं, जे मिळाले त्यांवर आयुष्य काढायचं. एकेक जेमतेम एक पंचमांश मिलिमीटर रुंद. आत केशवाहिन्यांचा गुच्छ, भोवती बोमन्स कॅप्सूलची वाटी. रक्त गुच्छातून जाताना पाणी आणि क्षार भिंतीतून गाळून वाटीत उतरतात. प्रौढ माणसात हे गाळलेलं पाणी दिवसाला सुमारे १८० लिटर भरतं, आणि जवळजवळ सगळं पुढच्या नलिका परत शोषून घेतात.

गुच्छात तीन जातींच्या पेशींचा कायमचा मुक्काम असतो. केशवाहिनीच्या आतल्या बाजूने एंडोथेलियल पेशींचं अस्तर. वाहिन्यांच्या मधल्या जागेत, त्यांना आधार देणाऱ्या मेसँजियल पेशी. आणि बाहेरून पाय रोवून बसलेले पोडोसाइट. चौथी जात वाटीच्या आतल्या भिंतीवरची, पॅरायटल एपिथेलियल पेशींची. पुढचा सगळा वाद या चार नावांभोवती आहे.

तुकड्यात १९ ग्लोमेरुलस होते. एकही साधा नव्हता. प्रत्येक फुगून वाटी भरून टाकलेला, आणि आत केंद्रकंच केंद्रकं. निरोगी काचेवर केशवाहिन्यांच्या पोकळ्या उघड्या दिसतात. इथे त्या शोधाव्या लागत होत्या. तीन मायक्रॉन जाडीच्या कापात मेसँजियमच्या एका भागात तीनपर्यंत केंद्रकं असली तर आम्ही ठीक म्हणतो, चारपासून पुढे वाढ धरतो. इथे सात-आठ सहज मोजता येत होती. १९ पैकी ३ ग्लोमेरुलसमध्ये वाटीच्या कडेला पेशींचे दोनपेक्षा जास्त थर जमून छोटी चंद्रकोर झाली होती, ज्याला आम्ही क्रेसेंट म्हणतो. इम्युनोफ्लुरोसन्समध्ये, म्हणजे चमकणाऱ्या रंगांच्या तपासणीत, केशवाहिन्यांच्या भिंतींवर आणि मेसँजियममध्ये सी-३ चे ठळक दाणे, आयजीजी या प्रतिपिंडाचे थोडे फिके.

रिपोर्टात याला "डिफ्यूज एंडोकॅपिलरी प्रोलिफरेटिव्ह ग्लोमेरुलोनेफ्रायटिस" असं भारदस्त नाव आहे. निवासी डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहताच माझ्या खोलीत आला.

"मॅडम, एवढं प्रोलिफरेशन, म्हणजे पेशींची वाढ, त्यात क्रेसेंट. मिथाइलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे पल्स, म्हणजे शिरेतून मोठे डोस, आजच सुरू करायचे ना?"

मी त्याला दुसऱ्या डोक्यावर बसवलं, म्हणजे आमच्या जोड-मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीवर, आणि म्हणाले, आधी यातल्या घरच्या कोण आणि बाहेरून आलेल्या कोण ते वेगळं कर.

घरच्या आणि बाहेरच्या

पेशींची संख्या दोन वाटांनी वाढते. एक, बाहेरून रक्तातल्या पेशी येऊन अडकतात. दोन, तिथल्याच पेशी दुभंगून वाढतात. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगात दोन्ही जांभळे ठिपकेच दिसतात, पण केंद्रकाच्या आकारावरून बरंच कळतं. तीन-चार पाकळ्यांची, तुटक केंद्रकं न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींची. या मुलात ती एकेका गुच्छात वीस-पंचवीस होती. आम्ही मायलोपेरॉक्सिडेज आणि सीडी-६८ चे रंग लावून न्यूट्रोफिल आणि मॅक्रोफेज (मोडतोड गिळणाऱ्या पेशी) वेगळे केले. गुच्छातली निम्म्याच्या आसपास गर्दी पाहुण्यांचीच निघाली.

ते का आले? सध्याच्या समजुतीप्रमाणे जंतूची दोन प्रथिनं यात गुंतलेली दिसतात. एक स्ट्रेप्टोकॉकल पायरोजेनिक एक्झोटॉक्सिन-बी, आणि दुसरं नेफ्रायटिस-असोसिएटेड प्लास्मिन रिसेप्टर. पहिलं धनभारित असल्याने ऋणभारित गाळणभिंतीत ओढलं जातं आणि पलीकडे पोडोसाइटखाली जाऊन बसू शकतं. दुसरं प्लास्मिनला, म्हणजे रक्ताची गुठळी विरघळवणाऱ्या विकराला, धरून ठेवतं, त्याला थंड होऊ देत नाही, आणि ते प्लास्मिन भिंतीचं नुकसान करतं. प्रतिपिंडं येऊन या प्रथिनांना चिकटतात, कॉम्प्लिमेंट पेटतं, त्यातून सुटलेला सी-५ए हा तुकडा न्यूट्रोफिलना हाक मारतो. म्हणजे जंतू स्वतः मूत्रपिंडात आलेलाच नसतो. कातडीवरच्या पुळ्या वाळून गेलेल्या असतात आणि इथे दाह ऐन भरात असतो.

आता घरच्या पेशी. निरोगी ग्लोमेरुलस फार संथ जागा आहे. दुभंगण्याच्या तयारीत असलेली पेशी शंभरात एखादीही मिळणं कठीण. मेसँजियल पेशी विश्रांतीत असतात आणि पी-२७ नावाचं प्रथिन त्यांना तिथे रोखून धरतं. दाह सुरू झाला की प्लेटलेट, मॅक्रोफेज आणि खुद्द मेसँजियल पेशी पीडीजीएफ हा वाढीचा घटक सोडतात. जखमी पेशींतून एफजीएफ हा दुसरा वाढीचा घटकही बाहेर पडतो. पी-२७ उतरतं, आणि मेसँजियल पेशी डीएनए दुप्पट करून दुभंगू लागतात. प्रयोगशाळेत हे उंदरांवर पडताळलं आहे: पी-२७ चं जनुकच नसलेल्या उंदरांत मूत्रपिंडाचा दाह घडवला की पेशींची वाढ आणि नुकसान दोन्ही जास्त होतं. एंडोथेलियल पेशीही सुजतात, दुभंगतात. वाहिनीच्या आत पाहुणे, भिंतीला सुजलेलं अस्तर, मधल्या जागेत वाढलेल्या मेसँजियल पेशी. पोकळी तिन्ही बाजूंनी बंद.

मुलाला जे जे झालं ते सगळं इथून निघतं. गाळणारा पृष्ठभाग घटला म्हणून क्रिएटिनिन चढलं. पण पुढच्या नलिका मात्र शाबूत होत्या. थोडं जे गाळून येत होतं त्यातलं सोडियम त्या नेटाने परत ओढत होत्या. आत मीठ राहिलं, मिठामागे पाणी राहिलं, पाण्याने वजन, रक्तदाब आणि फुप्फुसं. म्हणून या आजारात मीठ आणि पाणी रोखणं हाच उपचाराचा कणा आहे. शरीर पाण्याने भरलेलं असल्याने रक्तदाब चढवणारं रेनिन आधीच दबलेलं असतं, आणि त्याच वाटेवर काम करणाऱ्या एसीई इनहिबिटर गटाच्या रक्तदाबाच्या गोळ्या पोटॅशियम वाढवतात; म्हणून त्या इथे पहिल्या पसंतीच्या नाहीत.

पोडोसाइटचं नाव अजून आलं नाही, कारण त्या या गोंधळात दुभंगत नाहीत. पूर्ण वाढ झालेली पोडोसाइट जवळजवळ कधीच दुभंगत नाही. ती गळून पडली तर जागा रिकामी राहते, आणि अशा रिकाम्या जागा वाढल्या की गुच्छाचा तो भाग चिवट व्रण होऊन बसतो. या मुलाच्या पोडोसाइट बऱ्याच अंशी जागेवर होत्या. प्रथिन दोन प्लसवरच थांबलं होतं, ते त्याचंच लक्षण.

चंद्रकोरीचा प्रश्न

क्रेसेंटमध्ये वाढणाऱ्या पेशी वेगळ्या असतात. दाहाने केशवाहिनीची भिंत कुठेतरी फाटते, रक्तातलं फायब्रिनोजेन वाटीत सांडतं, तिथे फायब्रिन होतं. या सांडलेल्या मालामुळे वाटीच्या भिंतीवरच्या पॅरायटल पेशी दुभंगू लागतात, मॅक्रोफेज येऊन मिळतात, आणि बाहेरून गुच्छाला दाबणारा थर तयार होतो. वाटीची भिंत तुटून बाहेरचे फायब्रोब्लास्ट, म्हणजे तंतू बनवणाऱ्या पेशी, आत शिरले तर हा थर कायमचा व्रण होतो. मग तो ग्लोमेरुलस गेला.

उरलेल्या एका कापावर मी की-६७ लावला, थोडं कुतूहल म्हणून. हा रंग दुभंगण्याच्या चक्रात असलेल्या केंद्रकांनाच लागतो. आमच्याकडे तो मुख्यतः गाठींसाठी वापरतात. गुच्छात रंगलेली केंद्रकं प्रत्येकी दोन-तीनच मिळाली, क्रेसेंटमध्ये त्यामानाने दाट. एका मुलाच्या एका कापावरून सिद्धांत मांडायचा नसतो, पण निवासी डॉक्टरला दाखवायला ते पुरेसं होतं: ज्या गुच्छाकडे पाहून तू घाबरलास तिथे बरेचसे पाहुणे आहेत, आणि ज्या तीन चंद्रकोरींवर तू स्टेरॉइड मागतोस त्या छोट्या, ताज्या, पेशींच्या आहेत. एकीतही तंतू नाहीत, एकीनेही गुच्छाला वेढलेलं नाही.

नेफ्रॉलॉजिस्टशी फोनवर बराच वेळ बोलणं झालं. अर्ध्याहून अधिक ग्लोमेरुलसमध्ये क्रेसेंट असते, तर त्यांनी पल्स दिले असते आणि मीही नको म्हटलं नसतं. तशा मुलांत स्टेरॉइड देण्याची प्रथा आहे, तिच्यामागचा पुरावा फार भक्कम नसला तरी. १९ पैकी ३ मध्ये त्यांना तोटाच दिसत होता: आधीच चढलेला रक्तदाब, मीठ-पाणी धरून ठेवणं, आणि अंगावर अजून खरूज. नेहमीच्या स्ट्रेप्टोकॉकसनंतरच्या दाहात स्टेरॉइडने फायदा होतो असं दिसलेलं नाही. "दोन दिवस थांबू," सर म्हणाले. "क्रिएटिनिन चारच्या पुढे गेलं तर पुन्हा बोलू."

थांबण्यामागे जीवशास्त्राचाही आधार होता. न्यूट्रोफिल फार जगत नाहीत. त्या तिथेच मरतात आणि मॅक्रोफेज त्यांना गिळतात. दुभंगून वाढलेल्या मेसँजियल पेशींचं काय होतं, याचं चांगलं चित्र उंदीरवर्गीय प्राण्यांवरच्या एका प्रयोगातून मिळालं आहे. थाय-१ या खुणेविरुद्धची प्रतिपिंडं टोचली की आधी मेसँजियल पेशी मरतात, मग उरलेल्या जोरात दुभंगतात, संख्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास कळसाला जाते, आणि पुढच्या काही आठवड्यांत उतरते. जादा पेशी कुठे निघून जात नाहीत. त्या अपॉप्टोसिसने, म्हणजे स्वतःहून ठरल्यासारख्या, आवरून मरतात आणि शेजारच्या मेसँजियल पेशीच त्यांना खातात. आमच्या काचेवरही दोन-तीन ठिकाणी आक्रसलेली, गडद, तुकडे झालेली केंद्रकं होती. त्यातली किती न्यूट्रोफिलची आणि किती मेसँजियल, हे छातीठोक सांगता आलं नसतं, म्हणून रिपोर्टात लिहिलं नाही. फोनवर मात्र सांगितलं.

आठव्या दिवशी क्रिएटिनिन ३.६. नवव्या दिवशी ३.५, आणि त्या दिवशी लघवी ४५० मिलिलिटर. त्यानंतर ती सुटलीच: अकराव्या दिवशी सव्वा लिटर, तेराव्या दिवशी दोन लिटरच्या वर. वजन २३ वर आलं. आजारपणात थोडं मांसही उतरलं होतं. पंधराव्या दिवशी क्रिएटिनिन १.१ असताना, अॅम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीच्या छोट्या डोसवर, मुलगा घरी गेला. उशीर झाला असता आणि लघवी सुटली नसती तर हाच निर्णय लोकांनी निष्काळजीपणा म्हणून पाहिला असता, हेही खरं. पण काचेवर जे होतं त्यावरून घेतलेला निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटत होता.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी तुकडा बाहेरगावी पाठवला होता. तो रिपोर्ट मुलगा घरी गेल्यावर कधीतरी आला: पोडोसाइटखाली, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, उंटाच्या मदारीसारखे उंचवटे. या आजाराची ही ओळखीची खूण.

नंतर

सी-३ सहा ते आठ आठवड्यांत वर यायला हवं. आलं नाही, बारा आठवड्यांनंतरही खालीच राहिलं, तर निदानच पुन्हा तपासावं लागतं. सी-३ ग्लोमेरुलोपथी हा मूत्रपिंडाचा वेगळा आजार; ती सुरुवातीला अगदी अशीच दिसू शकते आणि तिचा पुढचा प्रवास वेगळा असतो. या मुलाचं आठव्या आठवड्यात १०२ आलं. रक्तदाबाची गोळी त्याच सुमारास थांबवली. लघवीत दुर्बिणीखाली दिसणाऱ्या लाल पेशी सहा महिन्यांनंतरही थोड्या आहेत. त्या वर्षभर, कधी त्याहून जास्त काळ राहू शकतात, त्यासाठी औषध नाही आणि खेळणं बंद करायचीही गरज नाही. मुलांमध्ये या आजारातून शंभरात पंचाण्णवांहून अधिक पूर्ण बरी होतात. ज्या ग्लोमेरुलसना क्रेसेंट होते त्यांचं काय झालं हे पुन्हा सुई घातल्याशिवाय कळणार नाही, आणि ती घालण्याचं कारण नाही. वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवी, एवढं पुरे.

मोठ्यांच्या बाबतीत मी इतकी निवांत नसते. मधुमेही, साठीच्या पुढच्या माणसाच्या पायाच्या जखमेत स्टॅफिलोकॉकस असताना होणारा मूत्रपिंडदाह काचेवर याच्याशी साधर्म्य दाखवतो, पण त्यातले बरेच जण पूर्ण बरे होत नाहीत. तो वेगळा लेख होईल.

२००५ साली निघालेल्या एका अंदाजानुसार स्ट्रेप्टोकॉकसनंतरच्या मूत्रपिंडदाहाचे जगात वर्षाला सुमारे ४ लाख ७० हजार रुग्ण होतात, आणि त्यातले ९७ टक्के गरीब भागांतले. या घरात तर उपचार अजून अर्धाच झाला होता. मुलगा वॉर्डात असतानाच बालरोग विभागाने घरातल्या सहाही जणांना, खाज असो-नसो, एकाच रात्री मानेपासून पायाच्या तळव्यापर्यंत पर्मेथ्रिन हे खरजेचं औषध लावायला दिलं, आठवड्याने पुन्हा एकदा. अंथरुणं-पांघरुणं गरम पाण्यात धुवायची. जी धुता येणार नाहीत ती प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बांधून ठेवायची, तेवढ्यात किडा मरतो. पाणीटंचाईच्या गावी हा दुसरा उपाय जास्त कामाचा. वडिलांनी कारखान्यातून टॉवेलच्या गठ्ठ्यांच्या रिकाम्या पिशव्या आणल्या.

भावंडांची लघवी तेव्हाच तपासली. भावाची साफ. बहीण ६ वर्षांची, तिच्या मांड्यांवर पुळ्यांचे डाग. सूज नाही, रक्तदाब ठीक, लघवीचा रंग नेहमीचा, आणि दुर्बिणीखाली एका क्षेत्रात पंधरा-वीस लाल पेशी. सी-३ ५८. अशी लक्षणं न दिसणारी मुलं उघड आजारी मुलांच्या कितीतरी पट असतात, घरातल्या भावंडांत तर विशेष. तिच्याही ग्लोमेरुलसमध्ये पेशी वाढल्या असणार. तिची बायोप्सी कुणी केली नाही, करायचीही नव्हती. पेनिसिलिन दिलं, मीठ कमी करायला सांगितलं, दोन आठवडे दर दोन दिवसांनी रक्तदाब पाहिला. आईला तिला वेगळं आजारी धरणं पटेना. पोरगी दिवसभर गल्लीत लंगडी खेळत होती. दोन महिन्यांनी तिचं सी-३ ११० आणि लघवीत एका क्षेत्रात दोन-तीन लाल पेशी. पुढची तपासणी आपल्या रुग्ण मुलाच्याच तारखेला ठेवली आहे, म्हणजे वडिलांचा मागावरचा एकच खाडा होईल.